चाळीस सेकंदांचं कॅलिब्रेशन

३ मार्च, सोमवार. सकाळी ८:५०
लॅबच्या वहीत फक्त मापनं लिहायची असतात. जे मोजता येत नाही त्याच्यासाठी ही दुसरी वही. पानं ऐंशी. मी कमी बोलते, त्यामुळे वर्षभर पुरेल.

आजपासून: मत विचारलं तरच द्यायचं. आवाज चढवायचा नाही. भुवई उंचावायची नाही. ताई म्हणते, माझी डावी भुवई माझ्या आधी बोलते. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. तिला स्नायू दिसतात, हेतू दिसत नाहीत.

सकाळी १०:१५
बैठक झाली. साहेबांनी जाहीर केलं की २६ तारखेला ग्राहकाकडे आपल्या रिसीव्हरची स्वीकृती चाचणी आहे. त्यात माझं ऑटोमॅटिक कॅलिब्रेशन पास झालं तर हाताने कॅलिब्रेशन करायचं टेबल बंद आणि विभागाला नवा प्रमुख. 'नवा प्रमुख' म्हणताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कदाचित माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. वळून पाहिलं. घड्याळ बंद आहे. म्हणजे माझ्याकडेच.

पदात मला रस नाही. नोंद एवढीच, की प्रमुखाची खोली पूर्वेकडे आहे. सहा पावलं बाय साडेचार. सहज तिकडून जात होते.

४ मार्च. दुपारी १:३०
पुढे गोंधळ नको म्हणून काम काय आहे ते एकदाच लिहून ठेवते.

आमच्या रिसीव्हरमध्ये सेकंदाला अडीच हजार कोटी बिट येतात. एका बिटाच्या वाट्याला येणारा वेळ चाळीस पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातले चाळीस. बिट कधी बघायचा हे सांगणारं घड्याळ सोबत कुणी पाठवत नाही. येणाऱ्या सिग्नलच्या चढउतारांवरून रिसीव्हरने ते स्वतः ओळखायचं. बिटाच्या मध्यावर पाहिलं तर बरोबर. कडेवर पाहिलं तर एकाचं शून्य. हे ओळखण्याचं काम करणारं सर्किट प्रत्येक बोर्डावर जन्मतः थोडं वेगळं असतं, म्हणून प्रत्येक बोर्ड वेगळा लावून घ्यावा लागतो. तेच कॅलिब्रेशन.

सध्या ते मावशी करतात, लॅबमध्ये सगळे त्यांना मावशीच म्हणतात. तीन नंबरचं टेबल, खिडकीजवळ. अठरा वर्षं. अंबाड्यात चिमटा खोचलेला, एक डोळा स्क्रीनवर, हात नॉबवर, आणि तोंडाने गुणगुण. एका बोर्डाला पन्नास मिनिटं. माझ्या प्रोग्रामला चाळीस सेकंद. तो गुणगुणत नाही.

मावशींना माझ्याबद्दल आदर आहे. आज म्हणाल्या, तुझं यंत्र फारच भरभर करतं गं, मध्ये चहाला तरी थांबतं का?

६ मार्च. सकाळी ११:००
टेबल साफ केलं. हे आधीच व्हायला हवं होतं.

मावशींच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात एक जुना क्रिस्टल, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारा स्फटिक. चाचणीत पाठवणाऱ्या बाजूला ठोके तो डबा देतो आणि घेणाऱ्या बाजूला दुसरं उपकरण. डब्याचं झाकण रबरबँडने धरलेलं. तासाभरात तापतो आणि तापला की थोडा पुढे पळतो. असलं अस्वच्छ घड्याळ माझ्या मापनात नको. डबा स्टोअरमध्ये पाठवला, पावती घेतली. आता दोन्ही टोकांना लॅबच्या ठोके तयार करणाऱ्या नव्या यंत्रातून ठोके. स्रोत एक, केबल दोन, मिलिमीटरपर्यंत सारख्या. दोन्हींना लेबलं लावली.

मावशींनी विचारलं, म्हणजे दोन्हीकडे एकच घड्याळ का? मी म्हटलं, हो, आणि इमारतीतलं सगळ्यात चांगलं. मावशी म्हणाल्या, चांगलंच आहे गं, पण दोन्हीकडे? मी सांगितलं, स्रोत इतका स्वच्छ असला की तो प्रश्नच उरत नाही. मावशींनी चिमटा काढला, पाहिला, परत खोचला.

त्यांना पटलं.

१० मार्च. सकाळी ९:२०
पहिला बोर्ड शुक्रवारी संध्याकाळी लावून गेले होते. आज सकाळपर्यंत चुका: शून्य. एकही बिट चुकलेला नाही. मोजून पाहिलं, पुन्हा मोजून पाहिलं.

मी शांत आहे. आईला फोन करून सांगितलं, शांतपणे. आई म्हणाली, बरं झालं, येताना ब्रेड आण.

११ मार्च. दुपारी ४:१०
महत्त्वाचं. चिपमध्ये एक भाग आहे. पाठवणाऱ्याचं घड्याळ आणि आपलं घड्याळ यांच्या वेगात फरक असला तर तो भरून काढायचं त्याचं काम. गेली कितीतरी वर्षं सगळे हा भाग घालत आलेत. माझ्या प्रोग्रामने आज स्वतःच शोधून काढलं की त्याचा काही उपयोग नाही, उलट थरथर, म्हणजे ठोक्यांचं मागेपुढे होणं, वाढते. प्रोग्रामने त्याची ताकद कमी करत करत शून्यावर नेली. चुका तरीही शून्य. थरथर लॅबच्या इतिहासात सर्वांत कमी.

ज्यांनी हा भाग घातला ते अनुभवी लोक होते. अनुभवाचं हेच होतं, सवय लागते.

अहवालात शिफारस लिहिली: पुढच्या चिपमधून हा भाग काढून टाकावा. वाक्य कोरडं ठेवलं. मुद्दाम तीनदा वाचलं, कोरडंच आहे.

१३ मार्च. सकाळी ७:४५
पदाबद्दल घरी काही बोललेले नाही. तरी ताई नाश्त्याला प्रमुखबाई म्हणून हाक मारते. म्हणे, रविवारी पडद्याच्या दुकानात साडेचार पावलं म्हणजे किती मीटर असं कोण विचारत होतं? मी सांगितलं, ती सर्वसाधारण चौकशी होती. ताई म्हणाली, सर्वसाधारण चौकशीत कुणी रंगाचा नमुना घरी आणत नाही. आई म्हणाली, रंग चांगला आहे पण लवकर मळेल.

दोघींचं लक्ष भलतीकडे असतं.

१४ मार्च. दुपारी १२:३०
टेबल बंद झालं की मावशींची बदली खाली पॅकिंगमध्ये होणार. त्यांच्या वतीने आज मी स्वतः जाऊन पाहून आले. खुर्ची मऊ आहे. खिडकी नाही, पण पॅकिंगला खिडकी लागत नाही. शेजारी दोन बायका आहेत, गप्पा मारतात. म्हणजे सोबत आहे.

मावशींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खुर्ची बघून आलीस? मी म्हटलं, बसूनही पाहिलं. मावशी म्हणाल्या, तुझी फार माया आहे गं. मला असले शब्द आवडत नाहीत, पण माणसाच्या मनात असतं ते बाहेर येतं.

जाता जाता पुन्हा तोच प्रश्न: ती केबल अजून दोन्हीकडेच आहे ना? मी लेबलं दाखवली.

१७ मार्च. सकाळी १०:००
चौदा बोर्ड. प्रत्येकी चाळीस सेकंद. बहात्तर तास चालवले. चुका शून्य, सगळ्यांवर. इतके शून्य एका ओळीत पहिल्यांदाच पाहतेय. प्रिंट काढून भिंतीवर लावले. दिखावा म्हणून लावलेले नाहीत. संदर्भासाठी. संदर्भ डोळ्यांच्या उंचीवर असावा.

२६ तारखेला कुणी चार शब्द बोलायला सांगितलं तर तयारी असावी म्हणून चार वाक्यं लिहिली. 'मी' हा शब्द सात वेळा आला. कमी करणे.

दुपारी २:४०
'मी' आता पाच वेळा. उरलेले अपरिहार्य आहेत.

१९ मार्च. दुपारी ३:२०
साहेबांनी विचारलं, दोन्ही टोकांना वेगळी घड्याळं लावून एकदा बघून घेतलंस का? त्यांच्या कानावर हे कुणी घातलं ते मला माहीत आहे, लिहीत नाही. मी सांगितलं, तो जुना डबा परत आणणं म्हणजे धुतलेल्या काचेवर पुन्हा बोटं उमटवणं. आकडे भिंतीवर आहेत, पाहून घ्या. साहेब बघत राहिले आणि म्हणाले, ठीक आहे मॅडम.

साहेब एरवी सगळ्यांना नावाने हाक मारतात. मॅडम म्हणतात ते खूश असले की, असा माझा निष्कर्ष. नमुने: दोन.

२१ मार्च. सकाळी ८:००
ताईने विचारलं, समजा पास झालं नाही तर? मी सांगितलं, चौदा बोर्ड, बहात्तर तास, शून्य चुका. ताई म्हणाली, हे उत्तर नाही, हे पाठांतर आहे. ताईला संख्याशास्त्र शिकवत बसायला माझ्याकडे वेळ नाही.

भुवई: एकदा. ताईने मोजली.

२५ मार्च. दुपारी ४:००
बोर्ड बांधले. उद्या मी एकटीच पुरेशी आहे असं साहेबांना कळवलं होतं. तरी त्यांनी मावशींना बरोबर दिलं. पेटी जड आहे हे कारण. पेटी नऊ किलो आहे, वजन करून पाहिलं.

मावशींना बाहेर पडायची संधी मिळते तर मिळू दे. त्यांचा शेवटचाच प्रवास असेल.

पडद्याचं कापड शिवायला टाकलं. शिवायला आठ दिवस लागतात, हे लक्षात घेऊन.

२६ मार्च, बुधवार. सकाळी ९:४०
ग्राहकाच्या इमारतीत पोचलो. लॅब मोठी, थंड, फरशी इतकी चकचकीत की बूट दिसतात. परीक्षक बाई माझ्याच वयाच्या, गंभीर. हातात यादी आणि पेन्सिल. पेन नव्हे, पेन्सिल. मला आवडलं.

१०:०५
सगळं जोडलं. कॅलिब्रेशन झालं: चाळीस सेकंद. परीक्षक बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मावशी मागच्या स्टुलावर.

१०:०६
चुका आहेत. थोड्या. केबल नीट बसली नसेल.

१०:१४
थोड्या नाहीत. सेकंदाला पंचवीस लाख बिट घसरताहेत. केबल बदलली.

१०:३०
दुसरी केबलही खराब. एकाच दिवशी दोन.

१०:४१
त्यांची लॅब फार थंड आहे. एसी कमी करायला सांगितला. परीक्षक बाईंनी यादीत काहीतरी लिहिलं.

११:१०
दुसरा बोर्ड. तिसरा. पाचवा. आकडा तोच. त्यांच्या टेबलाला कंप असावा, असं मी सुचवलं. परीक्षक बाईंनी टेबलावर हात ठेवला, जरा थांबल्या, उचलला.

११:३५
मावशी उठून परीक्षक बाईंजवळ गेल्या. माझ्या परवानगीशिवाय. विचारलं, बाई, तुमच्या दोन्ही पेट्यांना घड्याळ कुठून येतं हो? बाई म्हणाल्या, प्रत्येक पेटीत आपापला क्रिस्टल आहे. दोन वेगळ्या गावांत दोन पेट्या असतील तर एकाच घड्याळाची केबल कोण टाकणार? मावशींनी विचारलं, मग फरक किती पडतो? बाई म्हणाल्या, दहा लाखांत शंभर. नेहमीचाच.

मावशी माझ्याकडे वळल्या नाहीत. जाऊन स्टुलावर बसल्या.

११:५०
दहा लाखांत शंभर म्हणजे दहा हजारांत एक. दर दहा हजार बिटांमागे आपण एक बिट मागे पडतो. सेकंदाला पंचवीस लाख. भागाकार बरोबर येतो.

हा फरक भरून काढायला चिपमध्ये एक भाग असतो. त्याची ताकद शून्य आहे. शून्य केली आहे. कारण माझ्या टेबलावर दोन्ही टोकांना एकच घड्याळ होतं. फरक नव्हताच. भरून काढायला काही नव्हतं, म्हणून त्या भागाचा उपयोग दिसला नाही. चौदा बोर्डांनी बहात्तर तास एकही बिट चुकवला नाही, कारण वेळ ओळखायची पाळीच त्यांच्यावर आली नव्हती. उत्तरं मांडीवर ठेवून पेपर लिहीत होते ते.

१२:१०
काही नोंद नाही.

दुपारी २:००
परतीच्या गाडीत मावशी शेजारी. मीच म्हटलं, तुम्ही सांगायचं होतंत. मावशी म्हणाल्या, दोनदा विचारलं की गं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर आगाऊपणा दिसला असता. मी म्हटलं, विचारणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मावशी म्हणाल्या, मला वाटलं, तुला माहीत असेल. तू शिकलेली.

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मनापासून म्हटलं.

पेटी मी एकटीने वर नेली. जड होती.

२७ मार्च. सकाळी ९:३०
परिस्थिती हातात आहे. ग्राहक ९ एप्रिलला दुसरी संधी देतोय, पण त्याआधी अपयशाचा अहवाल हवा, कारणासकट. कारण पटलं नाही तर दुसरी संधी नाही, आणि मागणी दुसऱ्या कंपनीकडे. मग टेबल तीन काय आणि पूर्वेची खोली काय.

पहिला मसुदा लिहिला: चाचणी परिस्थितींमधील विसंगतीमुळे अपेक्षित निष्पत्ती आढळून आली नाही. मुद्देसूद आहे.

११:००
साहेबांनी वाचला. विचारलं, विसंगती कुणाची, मॅडम?

मॅडमबद्दलचा निष्कर्ष बदलते. नमुने आता तीन.

दुपारी १:१५
दुसरा मसुदा: एकाच संदर्भ घड्याळाचा वापर करण्यात आला होता. साहेब म्हणाले, करण्यात आला म्हणजे कुणी केला? घड्याळाने स्वतःच केला?

३:४०
तिसऱ्या मसुद्यात डब्याचा उल्लेख केला. डबा अस्वच्छ असल्याने तो काढणे भाग पडले. साहेबांनी वाचला आणि मावशींच्या टेबलाकडे पाहिलं. मसुदा फाडला. मी फाडला, त्यांनी नव्हे.

२८ मार्च. सकाळी ८:१०
नाश्त्याला ताई प्रमुखबाई म्हणाली नाही. नेहमीच्या नावाने हाक मारली आणि टोस्टला लोणी लावून दिलं. हे मला अजिबात आवडलं नाही.

आईने विचारलं, चूक कुणाची होती? मी प्रकरण तांत्रिक आहे असं सांगायला लागले. आई म्हणाली, अगं, मी तांत्रिक कुठे विचारलं?

दुपारी १२:५०
सातवा मसुदा. पूर्ण मजकूर: चाचणीत मी पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना एकच घड्याळ लावलं. त्यामुळे दोन घड्याळांच्या वेगातला फरक भरून काढणारा भाग कधी तपासला गेला नाही आणि माझ्या प्रोग्रामने तो बंद केला. आमच्या अनुभवी तंत्रज्ञांनी हे माझ्या दोनदा लक्षात आणून दिलं होतं, मी ऐकलं नाही.

वाक्यं तीन. लागलेला वेळ: दीड दिवस. 'मी' दोनदा. या वेळी खरोखरच अपरिहार्य.

साहेबांनी वाचला, सही केली, पाठवला. मॅडम म्हणाले नाहीत.

१ एप्रिल. सकाळी ११:२०
स्टोअरमधून डबा परत आणला. पावती दाखवल्याशिवाय देत नव्हते. पावती अर्थातच व्यवस्थित फाइल केलेली होती. मावशींनी डबा पुसला, रबरबँड नवं लावलं. म्हणाल्या, आता याला तापू दे, गार असताना सगळेच शहाणे असतात.

तापला, पुढे पळाला, आणि पहिल्या बोर्डाने बिट घसरवले. तेव्हा कुठे मला प्रोग्रामला काय शिकवायचं ते दिसलं.

४ एप्रिल. दुपारी ३:००
प्रोग्राम आता डबा गार असताना एकदा, कोमट असताना एकदा आणि तापल्यावर एकदा पाहतो. पुढे पळणारं घड्याळ, मागे पडणारं घड्याळ, दोन्हींवर. त्या भागाची ताकद प्रत्येक बोर्डासाठी वेगळी शोधतो. मावशी शेजारी बसून सांगतात, इथे थांब, इथे जास्त ताणलंस, थरथर वाढेल बघ. वाढते. त्यांना आधीच कसं कळतं, विचारलं. म्हणाल्या, चित्रातला डोळा जरा पाणावल्यासारखा दिसतो. प्रोग्रामला हे कसं लिहायचं ते पाहावं लागेल. स्क्रीनवर सिग्नलचं जे चित्र दिसतं त्याला आम्ही डोळा म्हणतो. मध्यभाग उघडा असला की बिट सुरक्षित. मला तो आजवर फक्त उघडा किंवा मिटलेला दिसत होता.

एका बोर्डाला लागणारा वेळ: ४८ मिनिटं.

मावशींपेक्षा दोन मिनिटं कमी. टक्केवारी काढली नाही.

७ एप्रिल. सकाळी १०:३०
पडदे शिवून आले. दुकानदाराने फोन करून विचारलं, खोलीवर लावून द्यायचे का? मी सांगितलं, खोली अजून तयार नाही. हे अक्षरशः खरं आहे.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी ११:४५
पास. सहाच्या सहा बोर्ड. दोन मावशींनी हाताने लावलेले, चार प्रोग्रामने मावशींच्या नजरेखाली. परीक्षक बाईंनी पेन्सिल ठेवली आणि पेन काढलं.

चार शब्द बोलायला कुणी सांगितलं नाही. वाक्यं चारही तयार होती. मावशींनी परीक्षक बाईंना विचारलं, बाई, इथे चहा कुठे मिळतो? आणि त्या दोघी चहा प्यायला गेल्या. मीही गेले. बिस्किटं होती.

११ एप्रिल. सकाळी १०:००
बैठक. साहेबांनी जाहीर केलं: टेबल तीन चालू राहील. प्रत्येक बोर्डाच्या प्रमाणपत्रावर मावशींची सही लागेल, ग्राहकाची तशी अट आहे. प्रमुखाची जागा यंदा भरायची नाही. खोलीत नवा प्रिंटर ठेवायचा.

मावशींनी विचारलं, आणि पॅकिंगचं? साहेब म्हणाले, कसलं पॅकिंग? मावशी म्हणाल्या, नाही, मऊ खुर्ची होती म्हणतात. सगळे हसले. मीही, मर्यादेत.

प्रिंटरच्या खोलीला पूर्वेचं ऊन येतं आणि उन्हाने कागद वाकतो, हे मी तांत्रिक मुद्दा म्हणून मांडलं. पडदे दिले. रंगाबद्दल कुणी काही बोललं नाही.

१६ एप्रिल. दुपारी २:२०
साहेबांनी बोलावलं. ग्राहकाच्या परीक्षक बाईंचं पत्र आलंय. लिहिलंय, इतका सरळ अपयशाचा अहवाल त्यांच्या वाचनात आलेला नाही. तो त्यांच्या सगळ्या शाखांना पाठवायची परवानगी मागतात, नव्या लोकांना शिकवण्यासाठी. लेखिकेच्या नावासकट.

माझं नाव या क्षेत्रात सगळीकडे पोचावं असं मला कधी वाटलं होतं का? वहीत तशी नोंद नाही. पण आता पोचणार आहे. अकरा शाखा. शीर्षक: काय करू नये.

आपल्याकडेही नव्या इंजिनिअरांना हा प्रसंग मीच शिकवायचा असं ठरलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, एक तास. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, म्हणजे प्रमुख नाही तर निदान प्रमुख पाहुणी झालीस. आई म्हणाली, शिकवणं चांगलंच, आवाज मात्र जरा मोठा काढ.

५ मे, सोमवार. दुपारी १२:१०
पहिला वर्ग झाला. पाच नवे इंजिनिअर, सगळे वह्या घेऊन. मागच्या खुर्चीवर मावशी, म्हणाल्या, मला काम नाहीये म्हणून बसते. त्यांना काम होतं.

मांडणी नेटकी झाली. घड्याळाचा प्रश्न, एकच स्रोत, शून्य झालेला भाग, पंचवीस लाख चुका. तटस्थपणे. माझा उल्लेख 'चाचणी करणारी व्यक्ती' असा केला, शिकवताना तेच योग्य.

मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर काही नाही, अतिशय अचूक बोलते. म्हणाली, सगळे आकडे पटले, पण एक कळलं नाही. त्या व्यक्तीला तीन आठवड्यांत एकदाही शंका कशी आली नाही?

मी सांगितलं, प्रश्न चांगला आहे, पण आजची वेळ संपली.

अजून बावीस मिनिटं बाकी होती.